भजनाला बसलं की दम लागत नाही

अमळनेरकडच्या एका गावातला साठीचा शेतकरी गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. बरोबर बायको होती. तक्रार जुनीच: जिना चढताना, विहिरीवर जाताना दम लागतो. तरुणपणापासून बिडी. छातीला नळी लावली तर बारीक शिट्ट्या ऐकू येत होत्या. असे रुग्ण आम्ही दिवसाला दहा-बारा पाहतो, त्यामुळे हात आपोआप चिठ्ठी लिहायला लागतो. तेवढ्यात तो म्हणाला, "पन भजनले बसनू का दम लागत नही, डाक्टरसाहेब." मी लिहायचं थांबलो. "किती वेळ बसता?" "दोन-अडीच घंटा." बायकोने लगेच भर घातली की एकादशीला तर रात्र जागवतात, आणि दुसऱ्या दिवशी घरात पाण्याचा हंडा उचलायला सांगितलं की खोकतात.

त्या वाक्यात थोडी लबाडी असावी, असं मला तेव्हा वाटलं. आज तसं वाटत नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगतोच, पण आधी जरा लांबचा फेरा मारतो.

माझी एक पुतणी जपानमध्ये ओसाकाला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिने फोनवर एक चित्रफीत पाठवली. भलंमोठं बंदिस्त मैदान, मध्ये वाद्यवृंद आणि चहूबाजूंनी पायऱ्यापायऱ्यांवर गाणारी माणसं. किती? दहा हजार. कारकून, गृहिणी, निवृत्त शिक्षक, कॉलेजातली मुलं. त्या दहा हजारांत कुठेतरी ती होती. बेथोव्हेनची नववी सिंफनी. १९८३ पासून दर डिसेंबरात ओसाकात हे होतं. जर्मन भाषा तिला येत नाही, जपानी जेमतेम. मग गायलीस कशी? तिने वहीचं पान दाखवलं. जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेले, वर श्वास कुठे घ्यायचा त्याच्या लाल खुणा. शाळेत आपण इंग्रजी कविता अशाच पाठ करत होतो. महिनोनमहिने ऑफिस सुटल्यावर तालमीला जात होती. "काका, पहिले तीन भाग आम्ही नुसते बसून असतो. पाऊण तास. मग उभं राहायचं आणि एकदम वरच्या सुरात. पोटातला श्वास पुरत नाही. पण आजूबाजूचे गात असतात ना, त्यामुळे कळत नाही."

शेतकऱ्याचं वाक्य आणि हे वाक्य माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलं ते तेव्हापासून.

संगीताचा मी जाणकार नाही. लहानपणी जळगावला असताना बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात मागच्या पायऱ्यांवर बसून जे कानावर पडलं तेवढंच. पाश्चात्त्य संगीताशी संबंध म्हणाल तर भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या चर्चसमोरून रविवारी सायकलने जाताना ऐकू आलेलं गाणं. पण या नवव्या सिंफनीची कुंडली वाचायला घेतली आणि डॉक्टर म्हणून अडकलो.

व्हिएन्नात ७ मे १८२४ रोजी ती पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा बेथोव्हेन ५३ वर्षांचा होता आणि जवळजवळ ठार बहिरा होता. पंचविशीनंतर कधीतरी कानात आवाज येऊ लागले, मग उंच स्वर ऐकू येईनासे झाले. १८०२ मध्ये त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहून ठेवलं, ते त्याच्या मृत्यूनंतर सापडलं. लोकांत गेलो की आपलं व्यंग उघडं पडेल म्हणून आपण माणसं टाळतो, जीव द्यावा असंही मनात आलं, असं त्यात आहे. आमच्याकडे ऐकू न येणारे आजोबा येतात तेव्हा घरचे सांगतात, "स्वभाव चिडका झालाय, कोणाशी बोलत नाहीत." स्वभाव नव्हे, कान. १८१८ पासून तर लोकांना त्याच्याशी बोलायचं झालं की वहीत लिहून दाखवावं लागे. त्या वह्यांपैकी बऱ्याच आजही आहेत. रुग्ण-डॉक्टर संवाद जपून ठेवलेला इतका मोठा केसपेपर दुसरा नसेल.

त्या संध्याकाळी तो मंचावर उभा होता, पण सूत्रं उमलाउफ नावाच्या संचालकाकडे होती. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि पाठमोऱ्या बेथोव्हेनला त्या ऐकूच आल्या नाहीत. कॅरोलिन उंगर या वीस वर्षांच्या गायिकेने त्याला धरून लोकांकडे वळवलं, अशी आठवण सांगितली जाते. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. मला जास्त भावली ती दुसरी गोष्ट. वाद्यवृंदात आणि गायकांत पगारी कलावंत पुरे पडेनात, म्हणून व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळातले हौशी लोक घेतले होते. पूर्ण ताफ्याच्या तालमी झाल्या दोन. म्हणजे जगातल्या या सर्वांत गाजलेल्या रचनेचा पहिला प्रयोग निम्मा हौशी होता. आपल्याकडच्या गावच्या नाटकासारखाच म्हणा ना.

त्याच्या आजाराबद्दल अजून संशोधन चालू आहे. १८२७ मध्ये मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं. यकृत आकसलेलं, गाठी-गाठींचं आणि कानाच्या नसा सुकलेल्या अशी नोंद आहे. २०२३ मध्ये त्याच्या केसांच्या बटांतून जनुकांचा अभ्यास झाला. यकृताच्या आजाराकडे झुकणारी जनुकं आणि कावीळ बी विषाणूचा संसर्ग सापडला. बहिरेपणाचं कारण मात्र हाती लागलं नाही. पुढच्याच वर्षी केसांत शिसं मोजलं, ते साधारण माणसाच्या कितीतरी पट जास्त निघालं. स्वस्त वाइनला गोडी यावी म्हणून तेव्हा शिसं वापरत. शिशाने कानाची नस खराब होऊ शकते, पण याच कारणाने झाली असं छातीठोकपणे कोणी म्हणू नये.

जपानमध्ये ही सिंफनी पोचली तीही कैद्यांबरोबर. पहिल्या महायुद्धात चीनमधल्या छिंगताओ बंदरात पकडलेले जर्मन सैनिक जपानच्या बांदो इथल्या छावणीत होते. त्यांनी तिथे वाद्यवृंद उभारला, आणि १ जून १९१८ रोजी नववी सिंफनी वाजवली. छावणीत बाई एकही नाही. म्हणून बायकांचे सूर पुरुषांच्या गळ्याला जमतील असे बदलून घेतले. ज्यांना घरी कधी जाऊ हे माहीत नव्हतं, त्यांनी तासाभराहून लांबीची एवढी अवघड रचना का उचलली असेल? वेळ जावा म्हणून पत्तेही खेळता येतात.

आपल्या महाराष्ट्रात हे संगीत मुंबईबाहेर फारसं आलं नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. त्यांचे चिरंजीव झुबिन आधी डॉक्टरकीच्या वाटेला लागले होते, ती सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले. वैद्यकाचं नुकसान झालं असं म्हणवत नाही. व्हिक्टर परंज्योती यांचं गायकवृंद, त्यांच्यानंतर कुमी वाडिया यांनी सांभाळलेलं, एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, ही ठळक नावं. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांचं लेखन-वाचन शिकवायची शेकडो वर्षांची परंपरा आहे. तिथले डॉ. लुईस डायस हे पेशाने प्रसूतितज्ज्ञ. इंग्लंडमधली नोकरी सोडून परतले आणि २००९ मध्ये त्यांनी गरीब घरातल्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवणारी संस्था सुरू केली. आमच्या व्यवसायातली माणसं अशी अधूनमधून फुटतात.

आता मूळ प्रश्न. दम लागणारा माणूस गाताना दमत कसा नाही?

आपण शांत बसलेलो असताना मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो. एका वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. आत घ्यायला जेवढा वेळ, त्याहून थोडा जास्त बाहेर सोडायला. गाताना हे गणित पार बदलतं. श्वास पटकन आणि खोल घ्यायचा, आणि ओळ संपेपर्यंत बेताबेताने सोडायचा. बिडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने ज्यांच्या श्वासनलिका आकुंचन पावल्या आहेत (आमच्याकडे येणाऱ्या बायकांत चुलीचाच धूर अधिक), त्यांच्या छातीत हवा अडकून राहते. जुनी बाहेर पडत नाही म्हणून नवी आत मावत नाही. त्यात घाई केली की आणखी अडकते. अशांना आम्ही शिकवतो की ओठांचा चंबू करा आणि गरम चहावर फुंकर घालावी तशी हळूहळू हवा सोडा. अभंगाची चाल लांबवताना माणूस हेच करतो, फक्त त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिन जपमाळ आणि एकदा तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आले, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तल्लख झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास तोच. आमच्या एका कनिष्ठ डॉक्टरला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, मग हरिपाठाचा डोस किती?" थट्टाच केली त्याने, पण प्रश्न वाजवी आहे.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या पंधरा मुला-मुलींना एकत्र गायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाणं सुरू होताच ठोक्यांचा वेग एका लयीत वर-खाली होऊ लागला, सगळ्यांचा मिळून. यात चमत्कार नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हे निरोगी हृदयाचं लक्षण आहे. गाण्याने सगळ्यांचा श्वास एका वेळापत्रकावर आणला की हृदयं त्यामागे जातात. "हृदये जुळली" असे मथळे तेव्हा जगभर छापून आले. जुळले होते ते श्वास.

इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट पाहिली. लहान-लहान गटांत आणि मग २३२ जणांच्या मोठ्या गटात लोक गायले. गाण्याआधी आणि नंतर हातावर बीपीचा पट्टा आवळून वेदना किती सोसवते ते मोजलं. गाण्यानंतर जास्त सोसवली. आणि मोठ्या गटात, जिथे बहुतेक जण एकमेकांना ओळखतही नव्हते, जवळीक अधिक वाढलेली दिसली. त्याच चमूने गाणं शिकणारे आणि हस्तकला किंवा लेखन शिकणारे अशा प्रौढांच्या वर्गांची सात महिने तुलना केली. शेवटी सगळेच वर्ग एकमेकांत मिसळले होते, गाणारे मात्र पहिल्या महिन्यातच.

इथे डॉक्टरने हात आखडता घेतलाच पाहिजे. गाण्याने फुप्फुसाचा आजार बरा होतो का? नाही. २०१७ मध्ये या विषयावरचे सगळे दर्जेदार अभ्यास एकत्र केले तर भरले तीन, आणि रुग्ण मिळून शंभराच्या थोडे वर. शारीरिक तब्येतीच्या प्रश्नावलीत सुधारणा दिसली, पण पुरावा कच्चा, असाच निष्कर्ष निघाला. कोविडनंतर दम लागत राहिलेल्यांसाठी लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग चालवला, अंगाईगीतांवर बेतलेला. १५० जणांवरची त्याची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मन हलकं झालं, धाप लागण्याच्या काही तक्रारी उतरल्या. शरीराच्या ताकदीचे आकडे मात्र फारसे हलले नाहीत. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. पंप बंद करून भजनाला जा असं मी कोणालाच सांगणार नाही. पंप घ्या, बिडी सोडा, आणि भजनाला जा.

अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्यांची गोष्ट मात्र स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गाठ, उजवा हात लुळा, तोंडून "हं" शिवाय शब्द नाही. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाईक बाईने संध्याकाळी गणपतीची आरती सुरू केली आणि या आजी दुसऱ्या ओळीपासून शब्दांसकट म्हणू लागल्या. सून रडायलाच लागली. बोलणं बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाणं दोन्हीकडे पसरलेलं असतं. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये यावरून उपचारपद्धती बांधली: रोजची गरजेची वाक्यं सुरावर म्हणायची आणि डाव्या हाताने ताल धरायचा. सगळ्यांना उपयोग होत नाही. त्या आजींना आरती आली म्हणून पाणी मागता आलं असं झालं नाही. त्यासाठी वाचाउपचार तज्ज्ञाकडे कित्येक महिने जावं लागलं.

आपल्या खानदेशात एकत्र गाण्याला कधी तोटा नव्हता. आखाजीला झोक्यावरची गाणी, भाद्रपद-आश्विनात गुलाबाईची, श्रावणात कानबाईच्या रात्री, कुठे वहीगायन. लता मंगेशकरांचं आजोळ तापीकाठचं थाळनेर, तिथल्या आजीकडून त्यांनी लहानपणी गाणी ऐकली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. मुक्ताईची पालखी तर महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते, आणि चालता चालता गाते. फुप्फुसांच्या पुनर्वसनाच्या पुस्तकात चालणं आणि श्वासाचे व्यायाम ही दोन प्रकरणं वेगवेगळी असतात.

पाश्चात्त्य गायकवृंदात चार वेगळे सूर एकाच वेळी चालतात. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन, आणि ते एकमेकांत बसवायचे. आपल्याकडे बहुतेक सगळे एकाच सुरात. विणेकरी किंवा बुवा पुढे म्हणणार, मंडळी मागे उचलणार. वसंत देसाई यांनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना हजारोंच्या संख्येने समूहगान शिकवलं तेही याच अंगाने. अवघड कोणतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण श्वासाची एक युक्ती दोन्हीकडे सारखी आहे. पुतणी म्हणाली ते हेच. लांब सूर धरायचा असतो तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. शेजारी घेईल तेव्हा तू धर, तू घेशील तेव्हा तो धरेल. ऐकणाऱ्याला सूर सलग वाटतो.

माझ्या शेतकऱ्याचं कोडं मला तिथे सुटलं. तो दोन-अडीच तास गात होता, पण प्रत्येक ओळ गात नव्हता. दम भरून आला की टाळ चालू ठेवून ओठ नुसते हलवत होता, तेवढ्यात मागचे म्हणत होते. मंडळ त्याचा दम झाकत होतं. त्यालाही ते कळत नव्हतं.

आणि यामुळेच तो उशिरा आला. वजन उतरलेलं होतं, संध्याकाळी अंग तापत होतं, हे विचारल्यावर बायकोने सांगितलं. "भजनात चांगला गातो की," म्हणून घरात कोणी मनावर घेतलं नव्हतं. दम्याची जुनी चिठ्ठी लिहिणारा माझा हात थांबला होता हे बरं झालं. थुंकी तपासायला पाठवली. क्षयरोग निघाला.

इथून पुढे मला गाण्याची दुसरी बाजू बघावी लागली. क्षयाचे जंतू खोकल्यातून उडतात हे शाळेतली मुलंही सांगतील. गाण्यातून? १९६८ मध्ये लाउडन आणि रॉबर्ट्स या अमेरिकी संशोधकांनी बोलणं, खोकणं आणि गाणं या तिन्हींतून उडणारे तुषार मोजले. हवेत बराच वेळ तरंगत राहणारे बारीक कण गाण्यात खोकल्याच्या जवळपास जातात, बोलणं त्यामानाने खूप मागे राहतं. कोविडने हे सगळ्या जगाला पुन्हा शिकवलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका हौशी गायकवृंदाची १० मार्च २०२० रोजी अडीच तास तालीम झाली. हजर ६१ जण. त्यातले ५३ आजारी पडले, दोघे गेले. बंद खोली, लांब श्वास, आणि शेजारी-शेजारी मांडलेल्या खुर्च्या. त्या वर्षी आपली मुक्ताईची पालखीही एसटीने पंढरपूरला गेली, आणि वाटेवरच्या गावांत किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं ते आपण पाहिलं आहे.

तर मी त्या माणसाला सांगितलं, सहा महिने औषध, एक दिवसही चुकवायचं नाही, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतील. मान डोलावली. मग म्हणालो, आणि तूर्त भजन बंद. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग भजनले कवय जाऊ?"

मी दोन महिने म्हणालो. औषध नीट लागू पडलं तर काही आठवड्यांतच रुग्णापासून इतरांना होणारा धोका खूप खाली येतो. पण गाव लहान, देऊळ बंदिस्त, मंडळात निम्मे म्हातारे, दोघांना साखर. मी अंग राखून बोललो, हे कबूल करतो.

घरच्यांची आणि मंडळातल्या बाराजणांची तपासणी करायला लावली. आरोग्य सेविकेने हे काम मोठ्या हुशारीने केलं. कोणाचं नाव न घेता सगळ्या भजनी मंडळाचंच आरोग्य शिबिर आहे असं सांगितलं. घरचे सगळे नीट निघाले. मंडळातल्या पखवाज वाजवणाऱ्याच्या एक्स-रेत डाग दिसला, थुंकीतही निघालं. देवळातच लागलं, की पारावर एका काडीवर बिडी पेटवताना, की कुठे बाहेर, ते सांगता येत नाही. पखवाजवाला रोज खोकत होता आणि त्याला वाटत होतं, धुळीचा खोकला आहे.

महिन्याभराने बायको एकटीच औषध न्यायला आली. "जेवत नही. बोलत नही. संध्याकाय झाली का भितीकडे तोंड करीसन झोपस." गोळ्या घेतात का? घेतात, पण "काय उपेग" म्हणतात. क्षयाच्या रुग्णांत औषध सुटतं ते बहुधा अशाच संध्याकाळी सुटतं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत औषध अर्धवट सोडून दगावलेले किती तरी मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी आम्ही विचारलं ते "गोळ्या घेतल्या का?" एवढंच. जिथे त्याला आपण माणसांत आहोत असं वाटत होतं ती एकच जागा मी बंद केली होती. आजारासाठी बरोबर होतं ते, माणसासाठी नव्हतं.

फोनवर भजनी मंडळाच्या बुवांशी बोललो. बेत साधा होता. भजन देवळाच्या बंद मंडपात न करता बाहेर लिंबाच्या पारावर करायचं. उघडी हवा आणि उन्हाळ्याचा वारा यांच्याइतकं स्वस्त जंतुनाशक नाही. हा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सगळ्यांपासून सात-आठ हात दूर बसेल, तोंडाला उपरणं, हातात टाळ. गाणं थुंकी स्वच्छ येईपर्यंत नाही. बुवा म्हणाले, "देव आत आहे, आम्ही बाहेर, असं चालेल का?" क्षणभर थांबून त्यांनीच उत्तर दिलं, "वारीत देव कुठं आत असतो." आणि मंडळ बाहेर आलं.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला थुंकी तपासली, जंतू दिसले नाहीत. पुढच्या एकादशीला मी एका लग्नावरून धुळ्याला परतत होतो, वाट वाकडी करून गेलो. रात्रीचे नऊ वाजले असतील, दिवसभराच्या त्रेचाळीस अंशांची धग जमिनीतून अजून वर येत होती. पारावर मंडळी बसली होती. उपरणं गळ्यात, आणि तो गात होता. मी सवयीने घड्याळ काढून श्वास मोजायला लागलो. मिनिटाला आठ. मधूनच टाळ चालू आणि ओठ नुसते हलताहेत, असंही दिसलं.

सहा महिने झाले तेव्हा वजन पाच किलोंनी वाढलं होतं. जिना चढताना दम अजून लागतो, तो लागणारच. पंप चालू आहे, बिडी सुटली असं तो म्हणतो, बायको काही बोलत नाही. पखवाजवाल्याचा औषधांचा एक महिना बाकी आहे. दरम्यान पखवाज त्याचा मुलगा वाजवतो, आणि मंडळी पावसाळा लागेपर्यंत पारावरच बसायची आहेत.